देखरेखमुक्त खेळ उपसमिती

संध्याकाळचे साडेपाच वाजले की आमच्या सोसायटीतली मुलं खेळायला खाली उतरतात. उतरतात म्हणजे उतरवली जातात. चार वर्षांच्या एका मुलाबरोबर साधारण पुढील लवाजमा असतो: आई किंवा आजी, रविवार असेल तर बाबाही, पाण्याची बाटली, खजुराच्या लाडवांचा डबा, डासांसाठी ओडोमॉस, ओल्या टिश्यूंचं पाकीट, बँड-एड, एक जादा चड्डी आणि आज चालवायची नाही असं आधीच ठरलेली सायकल. एवढ्या सामानात माझे आजोबा काशीयात्रा करून आले होते.

लिफ्टचं दार उघडतं. मूल पळत सुटतं. मागून आवाज येतो, "हळू!" मूल थांबतं, मागे वळून बघतं आणि चालू लागतं. त्या दिवशीच्या खेळाचं उद्घाटन झालं.

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये असते तशी आमच्याकडेही मुलांसाठी राखीव जागा आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकातल्या चित्रात तिथे फक्त हरणं सोडायची बाकी होती. प्रत्यक्षात पार्किंग आणि ट्रान्सफॉर्मर यांच्यामधली जी जागा कुणालाच विकता आली नाही, तिथे रबरी फरशी टाकून एक घसरगुंडी, एक सी-सॉ आणि दोन झोके बसवले आहेत. सभोवती बाकं आहेत. खेळण्यांपेक्षा बाकं जास्त, कारण खेळणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त. आणि एक पाटी आहे: "बॉल खेळू नये. सायकल चालवू नये. आरडाओरडा करू नये. झाडांना हात लावू नये. हिरवळीवर जाऊ नये. मुलांनी मनसोक्त खेळावे."

बाकांवर बसलेली मंडळी मुलांकडे लक्ष ठेवतात, म्हणजे काय करतात, हे मी गॅलरीतून बरेचदा पाहिलं आहे. डोळे मोबाइलवर असतात. तोंड मात्र मुलाच्या दिशेने चालू असतं. "पडशील." "हात धर." "तिला आधी जाऊ दे." "शेअर कर, बाळा." "सॉरी म्हण. असं नाही, मनापासून म्हण." त्यातली सगळ्यात लोकप्रिय सूचना म्हणजे "घसरगुंडीवर उलटं चढू नकोस." जगात पहिली घसरगुंडी उभी राहिली त्याच दिवशी दुसऱ्या मिनिटाला पहिलं मूल तिच्यावर उलटं चढलं असणार. शिडी ही पालकांच्या समाधानासाठी लावलेली असते.

या व्यवस्थेत वाढलेलं मूल हळूहळू सरकारी कार्यालयातल्या कारकुनाइतकं सावध होतं. वरून मंजुरी आल्याशिवाय काही करत नाही. परवा एक मुलगा झोक्यावर नुसता बसून होता. मी विचारलं, "का रे, झोका घेत नाहीस?" तो म्हणाला, "आई फोनवर आहे."

आमच्याकडे माणसं फ्लॅटच्या नंबराने ओळखली जातात, त्यामुळे पुढची हकीगत सांगायला सोपी आहे. बी-४०२चा मुलगा आणि सी-१०१ची मुलगी यांच्यात एका लाल प्लॅस्टिकच्या बादलीवरून भांडण झालं. दोघांचं वय पाच. दोघांनीही बादली ओढली, दोघांनीही "माझी" म्हणून सांगितलं, एकाने ढकललं, दुसरीने बोचकारलं. मग मुलीने बादली डोक्यावर घातली, मुलगा हसला, आणि दोघंही आळीपाळीने ती डोक्यावर घालून सी-सॉवर जाऊन आपटू लागले. हे सगळं उरकायला जेमतेम तीन मिनिटं लागली असतील. पण तोपर्यंत दोन्ही बाजूंच्या आया उठल्या होत्या.

त्या रात्री सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोचकाऱ्याचा फोटो आला. त्याखाली कुणीतरी हात जोडलेला इमोजी टाकला, तो नेमका कुणाच्या बाजूने होता यावरून दुसरा वाद झाला. मग दोन्ही वडील उतरले. विषय बादलीवरून संस्कारांवर गेला, संस्कारांवरून पार्किंगवर, आणि पार्किंगवरून वार्षिक सर्वसाधारण सभेत, 'ऐनवेळी येणारे विषय' या सदरात. एव्हाना ती दोन मुलं एकमेकांची जिवलग झाली होती. आपलं भांडण आहे, याची त्यांना रोज खाली उतरण्यापूर्वी लिफ्टमध्ये आठवण करून द्यावी लागे.

मला वाटतं, मोठ्यांची गफलत इथेच होते. भांडण म्हणजे खेळात आलेला व्यत्यय, अशी आपली समजूत असते. आपण स्वतः लहानपणी जे खेळलो, त्यातला निम्मा वेळ कुणावर राज्य हे ठरवण्यात जायचा. चकायचं, चकताना एकाने हात उशिरा पालथा केला म्हणून परत चकायचं, तो "रडीचा डाव" म्हणून फुगून पायरीवर जाऊन बसणार, त्याला आणायला दोघं जाणार, तो येणार पण पहिलं राज्य घेणार नाही ही अट घालून येणार. मग खेळ सुरू होतो तोच आई जेवायला हाक मारायची. तरी घरी जाऊन आम्ही "आज खूप खेळलो" असंच सांगत होतो आणि ते खोटं नव्हतं. मध्येच मूठ ओठांना लावून "टॅम्प्लीज" म्हटलं की धावता शत्रू जागच्या जागी थांबायचा. संयुक्त राष्ट्रांना अजून हे जमलेलं नाही.

आता इथे "आमच्या वेळी" म्हणणाऱ्यांची एक वेगळी पंगत बसते. ए-१०३चे काका तिचे अध्यक्ष. नारायण पेठेतल्या वाड्यात त्यांचं बालपण गेलं. "आमच्याकडे कोण बघत होतं? सकाळी बाहेर पडलो की दिवेलागणीला घरी. भिंतीवरून उड्या मारायचो. एवढी भिंत!" ती भिंत दर उन्हाळ्यात हातभर उंच होते. याच काकांचा डावा हात कोपरात सरळ होत नाही. तिसरीत असताना त्याच भिंतीवरून पडले आणि हाडवैद्याने जसा बसवला तसा तो बसला. पण त्या भिंतीची थोरवी आणि या कोपराची कथा ते वेगवेगळ्या दिवशी सांगतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला दोन्ही पटतात.

शिवाय "कोण बघत होतं?" हा सवालच मुळात खोटा आहे. अख्खा वाडा बघत होता. बघतोय असं दाखवत नव्हता, एवढंच. त्या काळच्या आया मुलांवर कानाने लक्ष ठेवायच्या. स्वयंपाकघरात पोळ्या लाटताना चौकातल्या प्रत्येक आवाजाची नोंद व्हायची. रडण्याचे प्रकार त्यांना पाठ होते. पहिला, खरा लागल्याचा: आधी क्षणभर शांतता आणि मग एकदम टिपेला. हा आला की लाटणं हातात तसंच ठेवून बाहेर धाव. दुसरा, फिर्यादीचा: हा घराच्या दिशेने मोठा होत जातो, दाराशी आला की त्यात शब्द येतात. त्याला "तू काय केलं होतंस आधी?" एवढंच उत्तर मिळे आणि फिर्यादी आल्या पावली परत जाई. तिसरा, हरल्याचा: त्याकडे कुणी बघायचंसुद्धा नाही. आणि सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे आवाजच नसणं. चार मुलं बाहेर आहेत आणि चौक शांत आहे, म्हणजे ती एक तर मांजरीच्या पिलांपाशी आहेत नाही तर कुणाच्या तरी लोणच्याच्या बरणीपाशी. तेव्हा हाक जायची: "काय चाललंय रे तिकडे?" आणि चौघांच्या आवाजात उत्तर यायचं, "काही नाही!" ते ऐकलं की मगच ती माउली उठायची.

आईच्या कानातून सुटलंच काही, तर वाड्यातल्या इतर खोल्या होत्या. कुठल्याही काकूला कुठल्याही पोराचा कान पिळण्याचा अधिकार होता, आणि घरी जाऊन त्याची तक्रार केली तर दुसरा कान जायचा. पोरांची स्वतःची व्यवस्था होती ती वेगळीच. धाकटं भावंड सोबत नेल्याशिवाय बाहेर सोडत नसत, म्हणून त्याला खेळात लिंबूटिंबू म्हणून घ्यायचं. लिंबूटिंबूने कितीही पळावं, तो बाद होत नाही. त्याच्यावर राज्य येत नाही. आणि आपल्याला यातलं काहीच कळलेलं नाही हे त्याला कळत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला सांभाळण्याची याहून स्वस्त सोय मी पाहिली नाही. ती चालवणारं सगळ्यात मोठं माणूस नऊ वर्षांचं असायचं.

तेव्हा मुलं मोकळी होती हे खरं आणि त्यांच्यावर लक्ष होतं हेही खरं. ते लक्ष वीस-पंचवीस जणांत वाटलं गेलं होतं, त्यामुळे कुणाच्या वाट्याला फार आलं नाही आणि मुलांना जड झालं नाही. आता तेवढंच लक्ष एकटी आई बाकावर बसून देते. ती दमते आणि पोर गुदमरतं.

हे फक्त आपल्याकडचंच दुखणं आहे असंही नाही. बी-२०४च्या आजी नुकत्याच न्यू जर्सीत, एडिसनला, लेकाकडे सहा महिने राहून आल्या. आल्यावर बाकावर त्यांनी सांगितलं ते असं: "घरामागे एवढं मोठं आवार. आपली सगळी सोसायटी मावेल त्यात, भांडणांसकट. हिरवंगार गवत, कुंपण, झोका, जाळी लावलेली ट्रॅम्पोलिन. आणि खेळायला कोण? खारी! नातवाला खेळायचं असेल तर तारीख घ्यावी लागते. मंगळवारची मिळाली होती, तर समोरच्या पार्टीला सर्दी झाली म्हणून पुढे ढकलली. मी म्हटलं, सोडा की त्याला मागच्या आवारात, मी खिडकीशी भाजी चिरत बसते. तर सूनबाई म्हणाली, 'आई, शेजारच्यांनी बघितलं तर?' मी म्हटलं, अगं, बघू दे की! तेवढंच त्यांचंही लक्ष राहील."

आजींना ही सुनेची भित्री समजूत वाटली, पण सूनबाई अगदीच वावगं बोलत नव्हती. २००८ साली लेनोर स्केनेझी नावाच्या न्यू यॉर्कमधल्या पत्रकार बाईंनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला, त्याच्याच हट्टावरून, नकाशा, तिकीट आणि थोडे पैसे देऊन भुयारी रेल्वेने एकट्याला घरी येऊ दिलं. मुलगा हसत घरी आला. बाईंनी त्यावर लेख लिहिला आणि दोनच दिवसांत त्या टीव्हीवर 'अमेरिकेतली सगळ्यात वाईट आई' ठरल्या. २०१४च्या डिसेंबरात मेरीलँडमध्ये दहा आणि सहा वर्षांची भावंडं बागेतून मैलभर चालत घरी निघाली होती. कुणीतरी पाहिलं, फोन केला, आणि पोलीस त्यांना गाडीतून घरी घेऊन आले. पुढे आईवडिलांची चौकशी. त्याआधी, १९९७ साली, डेन्मार्कहून न्यू यॉर्कला आलेल्या एका आईने आपलं बाळ बाबागाडीत हॉटेलच्या बाहेर ठेवलं आणि आपण काचेआड बसली. कोपनहेगनमध्ये हे रोजचं. तिकडे थंडीतसुद्धा बाळांना बाहेर झोपवतात. न्यू यॉर्कमध्ये तिला अटक झाली. शेवटी २०१८ साली युटा राज्याने कायदाच केला: पुरेशा वयाच्या आणि समजूतदार मुलाने एकट्याने शाळेत चालत जाणं किंवा बाहेर खेळणं म्हणजे पालकांचं दुर्लक्ष नव्हे. मूल अंगणात सोडायला विधिमंडळाची दोन सभागृहं आणि गव्हर्नरची सही लागली. मी हे आजींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि पाऊस आला तर आत घ्यायला वेगळा कायदा आहे का?"

हे सगळं आमच्या सोसायटीत घोळत होतं म्हणून असेल, पण यंदाच्या सभेत सी-३०३मधल्या नव्या सूनबाईंनी प्रस्ताव मांडला. त्यांचं शिक्षण बालमानसशास्त्रातलं. त्या म्हणाल्या, "रोज अर्धा तास मुलांना आपलं आपण खेळू द्यावं. एकही मोठं माणूस खाली थांबणार नाही."

सभागृहात शांतता पसरली. पहिल्या प्रकारच्या रडण्याआधीची नव्हे, चौथ्या प्रकारची.

मग हरकती आल्या. पडलं तर? भांडण झालं तर? तहान लागली तर? डी-विंगच्या निवृत्त वकीलसाहेबांनी उभं राहून सांगितलं की संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क संहितेतल्या एकतिसाव्या कलमाने मुलांना खेळण्याचा हक्क दिला आहे आणि भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली आहे. सेक्रेटरी म्हणाले, "ते असेल हो, पण आपल्या उपविधीत आहे का?" वकीलसाहेब बसले. १९६०च्या सहकारी संस्था अधिनियमापुढे संयुक्त राष्ट्रांचं काही चालत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

खरी आणि एकमेव वाजवी हरकत ए-३०५च्या आईने घेतली. ती म्हणाली, "मला पडण्याची भीती नाही, भांडणाचीही नाही. मला गाड्यांची भीती आहे. आपल्याच आवारात आपलीच माणसं मोबाइल कानाला लावून गाडी रिव्हर्स घेतात. तो अर्धा तास गाड्या आत येऊ देऊ नका. मी स्वतः मुलीला एकटी खाली पाठवते."

आतापर्यंत मुलांच्या सुरक्षिततेसाठी हिरिरीने बोलणारी मंडळी एकदम त्याच सुरक्षिततेविषयी उदासीन झाली. अर्धा तास गाडी बाहेर लावायची? रस्त्यावर? ओरखडा आला तर? मुलाचा हात वर्षानुवर्षं सोडायचा नाही, याला कुणाची ना नव्हती. पण गाडी तीस मिनिटं नजरेआड करायची म्हटल्यावर बापमाणसांचे चेहरे उतरले. सेक्रेटरींनी तेवढ्यात रिवाजाप्रमाणे तोडगा काढला: हा विषय उपसमितीकडे सोपवावा. अशा रीतीने 'देखरेखमुक्त खेळ देखरेख उपसमिती' स्थापन झाली. नाव फार लांब होतं म्हणून नोटीस बोर्डावर त्यातला एक 'देखरेख' शब्द गाळला.

उपसमितीने दोन महिने मेहनत घेतली. तीन पानांचं संमतिपत्र तयार झालं. त्याला मुलाचे दोन फोटो आणि पालकांच्या आधार कार्डाची प्रत जोडायची होती. मोठं माणूस खाली नको हे तत्त्व मान्य, पण अडीअडचणीला कुणीतरी हवंच, यावर मात्र घोडं अडलं. ते सोडवलं सी-५०४च्या बाबांनी. त्यांनी मोबाइलवर एक जपानी कार्यक्रम दाखवला. तिकडे १९९१पासून तो चालू आहे. दोन-तीन वर्षांपासूनची पोरं आईने सांगितलेलं सामान आणायला एकटी दुकानात जातात आणि कार्यक्रमाचे कॅमेरेवाले वाटेवरचे कामगार किंवा वाटसरू बनून त्यांच्या मागेपुढे असतात. मूल एकटं, आणि त्याला एकटं ठेवायला अख्खी पलटण. उपसमितीचे डोळे चमकले. देखरेख करायचीच, फक्त ती दिसता कामा नये! ए-१०३च्या काकांनी लगेच वीजमंडळाच्या माणसाचा वेश घेऊन ट्रान्सफॉर्मरपाशी उभं राहण्याची तयारी दाखवली. हेल्मेट त्यांच्याकडे होतंच. पुण्यात राहून ते कधी वापरलेलं नव्हतं.

रविवारी साडेपाचला प्रयोग झाला. गाड्या कुरकुरत बाहेर गेल्या. लिफ्टमधून मुलं एकेकटी बाहेर आली. मागे कुणी नाही हे लक्षात आल्यावर दोघीतिघी परत आत जाऊ लागल्या. वर सगळ्या गॅलऱ्या विसर्जनाच्या मिरवणुकीला लक्ष्मी रोडवर भरतात तशा भरल्या होत्या, फक्त सगळे जण पडद्याआड होते आणि कुणी ढोल वाजवत नव्हतं. उपसमितीचा सक्त आदेश होता: दिसायचं नाही, बोलायचं नाही.

पहिली काही मिनिटं मुलं नुसती उभी राहिली. मग त्यांनी वॉचमनला विचारलं, "आता काय करायचं?" वॉचमन लातूरकडचा. तो म्हणाला, "मला काय इचारता? खेळा की!" आणि इमारतीला रंग देणं चालू होतं त्यातला एक रिकामा डबा त्याने पायाने त्यांच्याकडे ढकलला. डबा मोठ्याने गडगडला. सगळ्या मुलांचे डोळे एकदम मोठे झाले. त्या आवारात इतका मोठा आवाज आजवर मुलांना करू दिलेला नव्हता.

त्यानंतर घसरगुंडीकडे, सी-सॉकडे आणि महागड्या रबरी फरशीकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. डबा, रंगाऱ्यांच्या दोन फळ्या, पार्किंगच्या मागे उरलेला वाळूचा ढीग, एवढंच त्यांना पुरलं. यात नवल वाटण्यासारखं काही नाही. सोरेन्सन नावाचे डेन्मार्कमधले एक उद्यानरचनाकार होते. मुलांसाठी देखण्या बागा आखताना त्यांच्या ध्यानात आलं की पोरं त्यांच्या बागा सोडून सगळीकडे खेळतात, विशेषतः जिथे बांधकाम चालू असतं तिथे. मग त्यांच्या कल्पनेतून १९४३ साली, जर्मनांच्या ताब्यातल्या कोपनहेगनमध्ये, एम्ड्रप इथे भंगाराचं मैदान उघडलं: विटा, फळ्या, जुनी चाकं, आणि वर 'करा काय ते'. आमच्या बिल्डरने तेच, मागे न्यायचा राडारोडा आवारातच सोडून, कसलाही गाजावाजा न करता केलं होतं.

वॉचमनने एका वाक्यात डबा ऐसपैस समजावला आणि तो दाराशी जाऊन बसला. उरलेले नियम मुलांनी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मिळून केले. सी-५०४चा तीन वर्षांचा धाकटा मध्येमध्ये लुडबुडत होता, तेव्हा सी-१०१ची मुलगी त्याला म्हणाली, "तू फ्री प्लेअर आहेस हं. तू कुठेही पळ." पडद्याआडच्या आज्यांनी एकमेकींकडे पाहिलं. लिंबूटिंबू इंग्रजी शाळेत गेला होता, पण होता तोच.

लपायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या बाजूची भिंत. तिथे आधीच एक हेल्मेटवाला वीजमंडळाचा माणूस उभा होता. बी-४०२चा मुलगा त्याला म्हणाला, "काका, तुम्ही इथे काय करताय?"

"काम."

"मग जरा खाली बसून करा ना. तुमचं हेल्मेट दिसतंय, मी आउट होईन."

काका बसले. तो सगळा डाव ते बसून होते. नंतर कळलं की दुसऱ्या डावात मुलांनी त्यांच्यावरच राज्य दिलं होतं.

एक मुलगी पळताना धडपडली. पडल्या पडल्या तिने सवयीने वर गॅलरीकडे पाहिलं. तिची आई पडद्यामागे ओठ चावत उभी होती. वर कुणी दिसेना, तेव्हा मुलीने रडण्याचा बेत रद्द केला, गुडघ्याला थुंकी लावली आणि ती पळाली. मुलांना लागतं ते लागतंच. पण रडायचं की नाही हे प्रेक्षक बघून ठरतं.

मग अपेक्षेप्रमाणे भांडण झालं. सी-१०१ची मुलगी आणि बी-४०२चा मुलगा यांनी लपून एकमेकांच्या टोप्या बदलल्या आणि राज्य घेणाऱ्याने चुकीचं नाव पुकारलं. हे चीटिंग आहे की शक्कल आहे, यावरून पंधरा पोरं डब्याभोवती एकाच वेळी ओरडू लागली. ए-१०३च्या काकांनी वाड्यात असताना नेमकं हेच केलं होतं आणि त्याला 'अंडं' म्हणतात हे त्यांना सांगायचं होतं, पण ते वेशात होते. चौथ्या मजल्यावर बी-४०२च्या आईने एक चप्पल पायात घातली. नवऱ्याने दुसरी धरून ठेवली. खाली निकाल लागला: शक्कल आहे, म्हणून शिक्षा नाही, पण चीटिंगही आहे, म्हणून दोघांनी हात धरून अर्धं अर्धं राज्य घ्यायचं. एवढ्या दुटप्पी आणि तरीही सगळ्यांना मान्य झालेल्या निकालाची नक्कल मी वकीलसाहेबांना मागितली आहे.

वर मात्र परिस्थिती बिघडत चालली होती. अर्धा तास काही करायचं नाही, ही सवयच कुणाला राहिलेली नाही. बी-४०२चे बाबा गॅलरीतून सी-१०१च्या बाबांना म्हणाले, "गाडी बाहेर लावलीत ती माझ्या गाडीला चिकटवून लावलीत." सी-१०१चे बाबा म्हणाले, "रस्ता तुमच्या वडिलांचा आहे का?" मग बादलीचा विषय निघाला. दुसऱ्या मजल्यावरून कुणीतरी मध्यस्थी केली, त्याला दोघांनी मिळून झापलं. व्हॉट्सॲप ग्रुपची सोय हाताशी असताना माणसं प्रत्यक्ष ओरडत होती, हे फार दिवसांनी घडत होतं. खाली राज्य घेतलेले ते दोघं हातात हात धरून शंभर मोजत होते. गोंगाटात त्यांचे आकडे दोनदा चुकले. तिसऱ्यांदा चुकल्यावर ती मुलगी वर बघायला लागली, तर तो म्हणाला, "बघू नकोस गं. मिटवतील त्यांचं ते. आपण बघितलं की जास्त करतात."

दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर, थकबाकीदारांच्या यादीशेजारी, स्केचपेनने लिहिलेला एक कागद चिकटवलेला होता: "मोठ्या लोकानी गॅलरीत भांडन करू नये. खाली खेळ चालु आहे."

सेक्रेटरींनी, पाटी लावण्यापूर्वी समितीची परवानगी घेतली नाही, एवढा आक्षेप नोंदवला. मजकुराला कुणी हरकत घेतली नाही. फक्त ए-२०१मधल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी संध्याकाळी खाली येऊन लाल पेनने 'लोकांनी'वर अनुस्वार दिला, 'भांडण'चा ण नीट काढला, 'चालू' दीर्घ केला आणि कोपऱ्यात लिहिलं: "७/१०. आशय उत्तम. पालकांनी सही करून परत पाठवावे."